डावीकडचा दुसरा दात

सकाळी चहाचा कप घेऊन तो आपल्या जागेकडे निघाला होता, आणि वाटेतल्या पडद्यावर त्याची बायको हसली. म्हणजे ओठ नव्हते, गाल नव्हते, डोळे तर नव्हतेच. करड्या पडद्यावर नुसती एक कवळी हळूहळू गोल फिरत होती, कुणा अनोळखी बाईसाठी मशीनने लावून ठेवलेली. अशा कवळ्या तिथे दिवसभर फिरत असतात, त्यांच्याकडे येता-जाता कुणी बघतही नाही. पण ही फिरत फिरत समोर आली, वरचे दात उजेडात आले, आणि त्याच्या हातातला कप कलला. चहा बोटांवर सांडला. बोटं भाजली हे त्याला जरा वेळाने कळलं, कारण तोवर कवळी वळून पाठमोरी झाली होती आणि तो ती पुन्हा समोर यायची वाट बघत उभा होता. आली. समोरचे दोन मोठे दात, त्यांच्या शेजारी सुळ्याच्या आधी असतो तो लहान दात. डावीकडचा तो लहान दात जरासा वळलेला होता. वाकडा म्हणावा इतका नाही. दार लोटावं पण पूर्ण लागू नये, तेवढा.

"काय उस्ताद, मशीनच्या प्रेमात पडलात की काय," प्लास्टरवाला आपल्या टबापाशी उभा राहून म्हणाला. "जा हो पुढे. तिचं लग्न ठरलंय, दुपारच्या गाडीने जातेय ती."

उस्ताद हे त्याला कुणी आणि कधी म्हणायला लागलं, ते आता कुणाला आठवत नव्हतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे, प्लास्टरवाला त्या ठशांत प्लास्टर ओतून हिरड्या उभ्या करायचा, आणि मग त्या हिरड्यांवर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचं काम उस्तादचं. मेण गरम करायची छोटी सुरी, दिवा आणि समोर कुणाचं तरी रिकामं तोंड, एवढ्यावर त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. रस्त्यात भेटलेला माणूस त्याला चेहऱ्याने आठवत नसे, दातांनी आठवे. मशीन आल्यापासून बसवायचं काम मशीन करत होतं. ते पडद्यावर दात लावायचं, उस्तादने बघायचं आणि ठीक आहे म्हणायचं. बहुतेक वेळा ठीकच असायचं. मशीनबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. उलट पहिल्या दिवसांत तो खुर्ची ओढून तासन्‌तास त्याचं काम बघत बसायचा, शेजारच्या इमारतीचं बांधकाम लोक बघतात तसा. एकही दात हातात न धरता हे दात कसे लावतं, याचं त्याला खरंच कुतूहल होतं. विचारायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता.

तो जागेवर जाऊन बसला. भाजलेली बोटं त्याने थंड प्लास्टरच्या साच्यावर टेकवली. बायको जाऊन आता एक हिवाळा उलटला होता, आणि इतक्या दिवसांत त्याला तिचं हसू एकदाही नीट आठवलं नव्हतं. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. तिचा आवाज आठवायचा, पावलं आठवायची, कपाटाचं दार गुडघ्याने लावायची तिची पद्धत आठवायची. हसायला लागली की मात्र चित्र पुसलं जायचं. फोटो होते, पण सगळ्या फोटोंत तिने ओठ मिटलेले. फोटो काढणारा म्हणायचा, हसा जरा, आणि ती ओठ आणखी घट्ट मिटायची. चारचौघांत हसू आलंच तर तोंडावर हात. हात न ठेवता ती हसायची ती घरात, तेही बेसावध असली तरच. आणि बेसावध माणसाचा फोटो कोण काढतो. लग्नानंतरच्या दिवसांत एकदा त्याने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं होतं आणि धंद्याच्या आवाजात म्हणाला होता, "हा एकच दात आहे. आमच्या डॉक्टरांना सांगतो, महिनाभरात सरळ करून देतील." तिने त्याचा हात बाजूला केला. "दिवसभर सरळ दातच बघता ना? मग घरी एक वाकडा असू दे." पुढे तो विषय दोघांनीही कधी काढला नाही. तेव्हा तो दात त्याने नीट बघितला होता, एवढं खरं. त्यानंतर बघितला की नाही, सांगता येत नव्हतं. रोज दिसणारी गोष्ट माणूस बघतो का, हे त्याला आत्ता, प्लास्टरवर बोटं टेकवून बसल्यावर, पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं.

दुपारच्या आत मास्तरीणबाई आल्या. बाई कसल्या, त्याच्या मुलीच्या वयाची पोरगी, कंपनीकडून मशीनला शिकवायला यायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, मी मशीनला शिकवते, आणि प्लास्टरवाल्याने तिथल्या तिथे तिचं बारसं केलं होतं. "आम्हाला शाळेत कुणी इतक्या मायेने शिकवलं असतं तर आम्ही प्लास्टर कालवत बसलो नसतो," असं तो दर खेपेला म्हणायचा, आणि ती दर खेपेला पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. तिचे दात सरळ होते, खालचा एक मात्र दाटीत मागे सरकलेला. आज ती हसली नाही. तिने उस्तादला पडद्यासमोर बसवलं, शेजारी स्वतः बसली, आणि साहेबांनाही बोलावलं. साहेब म्हणजे या जागेचे मालक. ते कधी बसत नसत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत.

"काका, मी गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या कवळ्या एकमेकींवर ठेवल्या," ती म्हणाली. "हे बघा." पडद्यावर दातांचा एक धुरकट ढग झाला. तोंडं लहान-मोठी असतात, त्यामुळे कडा पुसट होत्या. एक जागा तेवढी स्पष्ट होती, पुन्हा पुन्हा गिरवलेल्या अक्षरासारखी. "डावीकडचा दुसरा. प्रत्येक कवळीत थोडासा वळलेला. बाया, बाप्ये, म्हातारे, कुणीही असो. डॉक्टरांनी सांगितलेलं नसतं, पेशंटने मागितलेलं नसतं. मशीन स्वतःहून करतं."

"बिघडलंय?" साहेबांनी विचारलं.

"बिघडलेलं नाही. शिकलंय. इथल्या मशीनला आपण काकांच्या कामावरून शिकवलं. काकांनी मेणात लावलेली प्रत्येक कवळी आधी स्कॅन करून ठेवत होतो ना, त्या सगळ्या त्याला दाखवल्या. त्या जुन्या कवळ्याही मी काल तपासल्या." मग तिने जपून विचारलं, दुखऱ्या दाताला हात लावावा तसं, "काका, हे तुम्ही मुद्दाम करायचात का?"

"नाही."

"मग?"

"मला आत्ता कळतंय," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

ती जराशी हसली. "मशीनला तर वाटतंय की माणसांचे दात असेच असतात."

साहेब चौकटीवरून खांदा काढून आत आले. त्यांना हे प्रकरण आवडलं होतं. डॉक्टर म्हणतात, तुमच्याकडच्या कवळ्या कवळ्या वाटत नाहीत, खरे दात वाटतात. आता त्याचं कारण सापडलं होतं, आणि साहेब म्हणत होते की असू द्या की मग. मास्तरीणबाई म्हणत होती की एका कवळीत ते खरं वाटतं, पण एका घरात दोघी बहिणींनी इथूनच कवळ्या केल्या तर दोघींचा एकच दात वळलेला, शेजारणीचाही तोच, बँकेतल्या कारकुनाचाही तोच. ती म्हणाली, मी एकदा दुरुस्त केलं की ते पुसलं जाईल, मग मागाहून परत आणता येणार नाही, म्हणून विचारतेय. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि निवाडा केला. "उस्तादांचा हात, उस्तादांनीच सांगावं. ठेवायचं की काढायचं. उद्या सकाळी सांगा, म्हणजे हिला पुढचं काम करता येईल." आणि ते गेले. त्यांना दुसरं काम होतं.

दिवसभर मग त्याने काही केलं नाही, म्हणजे पडद्यावरच्या कवळ्यांना ठीक आहे, ठीक आहे म्हणत राहिला, आणि मधून मधून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हात नेहमीसारखाच होता. नखांत गुलाबी मेण, अंगठ्याला सुरीचा जुना चटका. हा हात इतकी वर्षं त्याला न विचारता काहीतरी करत होता. लोक म्हणतात, मशीनला आपण काय करतोय ते कळत नसतं, नुसतं बघितलेलं गिरवत असतं. मग त्याला तरी कुठे कळत होतं? त्यानेही एक तोंड रोज बघितलं आणि तेच कामावर येऊन गिरवलं. किती अनोळखी माणसं त्याच्या बायकोचा दात तोंडात घेऊन जेवली असतील, भांडली असतील, पाण्याच्या पेल्यात उशाशी ठेवून झोपली असतील. या विचाराने त्याला हसू आलं. मशीनचं आणि त्याचं काम एकच असेल, तर फरक कुठे होता? फरक एवढाच सापडत होता की सकाळी ती कवळी फिरून समोर आली तेव्हा कप त्याच्या हातून कलला. मशीन ती सबंध सकाळ फिरवत होतं, त्याच्या हातून काही सांडलं नाही. पण हा फरक लहान की मोठा, ते त्याला ठरवता येईना. आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तो बघायचं टाळत होता. तो दात तिचाच कशावरून? कामगाराच्या हाताला वळण पडतं. सुतार दार नेहमी एकाच बाजूला तासून जातो. हाताची खोड असेल नुसती, आणि रिकाम्या घरात राहून राहून त्याला त्या खोडीत बायकोचा चेहरा दिसला असेल. आता पुसायचं म्हटलं तर काय पुसलं जाणार, ती की त्याची खोड? हे कळल्याशिवाय सकाळी सांगणार काय?

घरी येऊन त्याने कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकले आणि मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात असायची. तिच्या घरात मागे टीव्ही चालू होता.

"आईचे दात आठवतात का गं तुला?"

"काय?"

"दात. आईचे."

"बाबा, तुम्ही जेवलात का?"

"जेवतो. आठवतात का ते सांग. एखादा वळलेला वगैरे होता का, पुढचा?"

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "सरळच होते की. वाकडे तुमचे आहेत. मला आईचा हातच आठवतो, हसताना तोंडावर ठेवायची तो." मग तिचा आवाज सावध झाला. "का विचारताय?"

"कामाचं होतं."

"आईच्या दातांचं काय काम निघालं तुमचं?" आणि मग ती हळूच म्हणाली, "एकटं एकटं वाटतंय का? आमच्या ऑफिसातल्या एकीने ते करून घेतलंय, तिच्या वडिलांचं. जुने मेसेज आणि आवाज दिले की तसंच बोलतं. रोज बोलते ती त्यांच्याशी. तुम्हाला हवं तर मी करून देते."

"काय बोलतं ते?"

"आपल्याला बरं वाटेल असं."

"मग ती तुझी आई नव्हे," तो म्हणाला, आणि दोघंही हसली, आणि हसता हसता मुलगी रडायला लागली. तो फोन कानाला धरून बसून राहिला. तिचं रडणं संपल्यावर ती म्हणाली, जेवून घ्या, भांडी तशीच ठेवू नका. हे मात्र थेट आईसारखं होतं, शब्द, सूर, मधला श्वास सगळं. तिला ते माहीत नव्हतं. तिलाही कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं.

सकाळी उठल्यावर आठवलं की कपडे मशीनमध्येच राहिलेत. बादली घेऊन तो गॅलरीत गेला. समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन परतून गॅलरीत येत होतं. कपडे वाळत घालायचं काम तिचं असायचं, आणि ते ती ज्या पद्धतीने करायची ती त्याला आवडत नसे. दोन्ही हातांत ओला कपडा धरून झटकायचा म्हणून ती लाकडी चिमटा तोंडात धरायची, दातांत आडवा, आणि तसंच बोलायची. दिवसभराचं सगळं बोलणं तिला नेमकं तेव्हाच सुचायचं. कुणाचा फोन आला होता, गॅस कधी संपेल, वरच्या मजल्यावरच्यांचा नळ कसा गळतो. चिमट्यामागून नुसते स्वर यायचे, व्यंजनं नाहीतच. मुलगी म्हणायची, आई, आधी तो काढ तोंडातून, काही कळत नाही. त्याला कळायचं. सगळं कळायचं. तो आत पेपर वाचत बसून उत्तरं द्यायचा. तेव्हा त्याला वाटायचं की यात काय मोठंसं.

त्याने शर्ट झटकला, दोरीवर टाकला, डबीतून चिमटा काढला आणि लावताना थांबला. हिवाळाभर तो हेच चिमटे वापरत होता. दातांच्या खुणा वाचून ज्याने पोट भरलं, त्याने त्या लाकडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. चिमटा त्याने उन्हात धरला. लाकूड जुनं, मऊ पडलेलं, आणि एका कडेला खाचा. शेजारी शेजारी दोन रुंद, सरळ, पुन्हा पुन्हा त्याच जागी पडून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्या बाजूला एक अरुंद खाच होती. ती तिरपी होती.

अंगातल्या शर्टाच्या खिशात मेणाचा तुकडा असतो, अंगाच्या उबेने मऊ राहावा म्हणून. तो त्याने बाहेर काढला, बोटांत मळला आणि खुणांवर दाबला. मग सावकाश सोडवला. मेणावर तिच्या दातांच्या कडा उमटून आल्या होत्या. ती खोड नव्हती. तो दात तिचाच होता. पण तो बघत राहिला, कारण काहीतरी जुळत नव्हतं. मेणातला दात खूपच वळलेला होता. त्याच्या कवळ्यांत, मशीनच्या कवळ्यांत असतो त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे दार लोटलेलं होतं, इथे चक्क उघडं होतं. शेजारच्या दातावर तो खुशाल खांदा ठेवून उभा होता, गर्दीत वाट काढणाऱ्यासारखा. तिने फोटोत तोंड का उघडलं नाही ते त्याला आत्ता कळलं. त्याच्या लेखी तो दात गोड होता. त्याच्या हाताने तो लोकांत नेण्याजोगा करून ठेवला होता, कोपरे घासून, शिस्त लावून, नवरे बायकोबद्दल चारचौघांत बोलतात तसा. मशीन जे शिकलं होतं ते तिचं हसू नव्हतंच. ते त्याचं बघणं होतं, आणि ते बघणंही जरा आळशी होतं. याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त त्याला नवल वाटत होतं. इतकी वर्षं एका घरात राहून एक दात त्याला आज पहिल्यांदा भेटत होता. ओले कपडे बादलीत तसेच होते. तो मेणाचा तुकडा उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात फिरवत उभा राहिला, फार वेळ.

कामावर तो उशिरा पोचला. मास्तरीणबाई पडद्यासमोर बसलेली होती. "काढून टाक," तो तिला म्हणाला.

"नक्की? परत येणार नाही हं, काका."

"नक्की. लोकांना आपापली तोंडं आहेत."

तिने कळांवर बोटं ठेवली, पण दाबली नाहीत. "एक विचारू? कुणाचा होता?"

प्लास्टरवाल्याच्या टबातलं ढवळणं थांबलं.

"बायकोचा," तो म्हणाला. "पण तिच्यासारखाही नव्हता. मी फार सभ्य करून ठेवला होता."

तिने कळा दाबल्या. प्लास्टरवाला पुन्हा ढवळायला लागला, नेहमीपेक्षा हळू. पडद्यावर काहीतरी सरकत गेलं, भरत गेलं, आणि मग ती अनोळखी बाईची कवळी पुन्हा फिरायला लागली. समोर आली. सगळे दात सरळ होते, नीट होते. ठीक होते. तो बघत राहिला आणि त्याला काही झालं नाही.

"आता याला नवा धडा लागेल," ती म्हणाली. "सरळ लावलेल्या कवळ्यांचा. हाताने लावलेल्या हव्यात. तुम्ही द्याल करून? आज एक जरी झाली तरी चालेल."

त्याने दिवा पेटवला. कितीतरी दिवसांनी सुरी हातात घेतली. प्लास्टरवाल्याने एक हिरडी आणून समोर ठेवली, कुणाचीच नसलेली, नमुन्याची. पुढचे दोन दात बसले. उजवीकडचा बसला, सुळे बसले. डावीकडचा दुसरा त्याने चिमटीत धरला, मेण पातळ केलं, आणि तो हाताकडे बघायला लागला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. शेजारी खुर्ची ओढून मास्तरीणबाईही बघत होती. हाताने दात मेणात टेकवला. जरा दाबला. मग वळवला, नेहमीपेक्षा बराच जास्त, शेजारच्यावर खांदा येईपर्यंत.

"काका, हा सरळ हवा होता ना?"

"हो, करतो सरळ," तो म्हणाला. मेण निवत होतं. "थांब जरा. आधी बघू दे."